पळताना कानात अभंग चालेल का?

सप्रेम नमस्कार. मी अंत्रुज महालातली, प्राथमिक शाळेत शिक्षिका, वय ४८. पुष्कळ वर्षं सकाळी चालत होते. गेल्या चवथीनंतर गावातल्या तरुण मुलांच्या ग्रुपबरोबर पळायला लागले. डिसेंबरात वास्कोला दहा किलोमीटर पळायचं ठरलंय. मुलाने मोबाईलवर ‘वर्कआउट’ नावाची गाण्यांची यादी घालून दिली, पण ती लावली की दुसऱ्या किलोमीटरलाच धाप लागते आणि कवळ्याच्या वाटेवर मी पुन्हा चालायला लागते. माझा जीव अभंगांत आणि नाट्यगीतांत. परवा इअरफोनचं कनेक्शन तुटलं आणि भर रस्त्यात मोबाईलवर अभंग सुरू झाला, तेव्हा मुलं हसली. एकाने विचारलं, “काकी, भजनाक वता काय?” यजमान देवळात भजनाला तबल्यावर असतात. त्यांचं म्हणणं, रस्त्यावर कानात काही घालूच नकोस. मी कोणती गाणी ऐकावीत? आणि बूट घालून, घामाघूम होऊन देवाची गाणी ऐकणं बरं दिसतं का?
— एक वाचक, फोंडा

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेतो. तो सुटला नाही तर बाकीचं वाचताना तुमचं मन तिथेच अडकून राहील.

बरं दिसतं. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी वेळापूरजवळ आली की वारकरी ‘धावा’ करतात. टाळ-मृदंगाच्या नादात, विठ्ठलाचं नाव घेत, उतारावरून हजारो माणसं पळत सुटतात. पंढरीचा कळस दिसला म्हणून तुकोबा इथून धावत निघाले, अशी त्यामागची श्रद्धा. रिंगणात घोड्यामागे पळणारे टाळकरीही काही गारव्यात उभे नसतात. आपल्याकडून पंढरपूरला चालत जाणाऱ्या दिंड्या आहेत; त्यांतल्या कुणाही वारकऱ्याला घाम आणि अभंग यांचं वाकडं आहे का ते विचारा. देवाला घाम चालत नसता तर वारी केव्हाच बंद पडली असती. तेव्हा ग्रुपमधल्या पोराने पुन्हा “भजनाक वता काय” विचारलं तर “हय” म्हणा आणि पळत राहा.

आता धाप. वयामुळे होतंय असं तुमच्या मनात असावं. ४८ व्या वर्षी पळायला सुरुवात केली आहे तर रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्या, आणि छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल तर आधी डॉक्टर, मग बूट. ते सगळं ठीक असेल तर माझा संशय मुलाच्या यादीवर आहे.

ती यादी मी ऐकलेली नाही, पण अशा याद्यांचा साचा ठाऊक आहे. पहिल्या गाण्यापासून सगळं टिपेला. जिममधल्या पोराला ते सोयीचं असतं, कारण त्याला मिनिटभर जोर लावायचा असतो आणि मग बाकावर बसून मोबाईल बघायचा असतो. तुम्हाला सव्वा-दीड तास पळायचंय. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठात कोस्टास काराजॉर्गिस या क्रीडा-मानसशास्त्रज्ञाने व्यायाम आणि संगीत यांवर बरीच वर्षं काम केलं आहे. त्या कामातून दिसतं ते असं की हलक्या ते मध्यम श्रमात आवडीचं संगीत लावलं तर दमणूक साधारण दहा टक्क्यांनी कमी जाणवते. इथेच गोम आहे. दमणूक जाणवते कमी, होते तेवढीच. पहिल्या किलोमीटरला तुम्ही झेपेल त्याहून जोरात पळता आणि गाण्यामुळे ते कळत नाही. श्रम एका मर्यादेपलीकडे गेले की छाती, पोटऱ्या, श्वास सगळे एकदम ओरडू लागतात आणि मग कानात काय वाजतंय त्याचा दमणुकीवर फारसा परिणाम होत नाही. ती मर्यादा तुम्हाला दुसऱ्या किलोमीटरला लागते.

म्हणून सुरुवातीच्या गाण्यांकडून एकच अपेक्षा ठेवायची: त्यांनी तुम्हाला आवरून धरलं पाहिजे. पळताना तुम्हाला तेराचा पाढा मोठ्याने, अर्ध्यात न थांबता म्हणता आला तर वेग बरोबर. तेर पंचे पासष्टला श्वास तुटला तर वेग जास्त. शिक्षिका आहात, पाढे विसरण्याची सबब चालणार नाही.

आणि आवरून धरण्याचं काम अभंगाइतकं चांगलं दुसरं कोण करतं? यजमानांचं भजन आठवा. अभंग सुरू होतो तेव्हा गायक सावकाश चरण मांडतो, तबला ठाय, म्हणजे संथ लयीत असतो. मध्ये चरणांची आलटापालट होते, टाळकरी उचलून धरतात. शेवटी तबला दुगुणीत, म्हणजे दुप्पट लयीत जातो, टाळ अंगात येतात आणि अभंग वर जाऊन संपतो. मग पुढचा अभंग, पुन्हा खालून. नवख्या माणसाला पळायला शिकवताना प्रशिक्षक नेमकं हेच करायला सांगतात: थोडं चाला, बराच वेळ हळू पळा, थोडं जोरात जा, पुन्हा चाला. त्यासाठी लोक घड्याळात गजर लावतात. तुम्हाला घड्याळाची गरज नाही. गायक सूर लावतोय तोवर चालायचं, ठेका सुरू झाला की हळू पळायचं, दुगुण लागली की थोडा वेग वाढवायचा, अभंग संपला की पुन्हा चालायचं. सात-आठ मिनिटांचा एक अभंग म्हणजे एक फेरी. पहिले काही आठवडे एवढंच करा. कवळ्याच्या वाटेवर तुम्ही तेव्हाही चालाल, पण ठरवून चालाल.

यासाठी स्टुडिओतलं रेकॉर्डिंग नेहमी उपयोगाचं नसतं. तिथे साडेचार मिनिटांत सगळं आटपतात आणि मध्ये बासऱ्या-व्हायोलिनं भरतात. त्यापेक्षा यजमानांना सांगा, पुढच्या भजनाला मोबाईल तबल्यापासून थोडा दूर, पेटीच्या बाजूला ठेवून तासभर रेकॉर्ड करा. टाळांचा खणखणाट मोबाईलजवळ नको, कानात टोचतो. अशा रेकॉर्डिंगमध्ये मध्येच कुणी खोकतं, कुणी “पाणी हाड रे” म्हणतं. राहू द्या.

यजमानांना आणखी एका कामाला लावायचं आहे. तुमचे पाय किती लयीत पडतात ते आधी मोजू. सपाटीवर, दम न लागता पळत असताना उजवा पाय किती वेळा टेकतो ते अर्धा मिनिट मोजा. समजा ४० वेळा टेकला. म्हणजे मिनिटाला उजवा ८० आणि दोन्ही मिळून १६०. हौशी पळणाऱ्यांचा आकडा बहुतेक १५० ते १८० च्या दरम्यान असतो. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये जॅक डॅनियल्स या प्रशिक्षकाने धावपटूंची पावलं मोजली, तेव्हा लांब पल्ल्याचे जवळजवळ सगळे १८० च्या वर होते. तेव्हापासून १८० हा आकडा मंत्रासारखा जपला जातो. तुम्ही त्याच्या मागे लागू नका. ते लोक तुमच्या-माझ्या दुप्पट वेगाने पळत होते. तुमचा जो आकडा येईल तो खरा.

मग यजमानांसमोर गाणं लावा आणि त्यांना टाळी द्यायला सांगा. पंधरा सेकंदांत २० टाळ्या म्हणजे मिनिटाला ८०. अशा गाण्यात प्रत्येक टाळीला तुमचा उजवा पाय पडेल. मिनिटाला १६० असेल तर टाळी दोन्ही पायांना मिळेल. अडचण १२० ते १३० च्या मधल्या गाण्यांची, आणि नाचाची बहुतेक हिंदी गाणी व रिमिक्स तिथेच असतात. त्यांचा ठोका तुमच्या पावलांमध्ये कुठेतरी पडतो. पाय त्याला गाठायला जातात आणि ढांगा लांब होतात. टाच शरीराच्या फार पुढे आपटायला लागली की भार गुडघ्यावर येतो. प्रत्येक गाणं पावलांशी जुळलंच पाहिजे असं नाही. मागे नुसतं वाजत असलेलं गाणंही मन रमवतं. पण गुडघा कुरकुरत असेल तर आधी ही १२०-१३० वाली काढून टाका.

गाणं थोडक्यासाठी चुकत असेल तर त्याची लय बदलता येते. ७६ च्या लयीतला अभंग यूट्यूबवर १.०५ पट वेगाने लावला की ८० ला येतो, आणि कानाला फरक जवळजवळ कळत नाही. याहून सरळ उपाय बहुधा तुमच्या घरातच आहे. रियाजाला तबल्याचं अ‍ॅप यजमानांच्या मोबाईलवर असेल. त्यावर आठ मात्रांचा केरवा ताल लावा, लय १६० करा आणि दहा मिनिटं नुसत्या ठेक्यावर पळून बघा. गाणं नाही, शब्द नाहीत, तरी पाय कसे सरळ पडतात बघा. एखाद दिवशी गंमत म्हणून एका मात्रेला एक पाऊल धरून रूपक ताल लावा. सात मात्रा असल्यामुळे सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, एकदा उजव्या पायावर येते, पुढच्या आवर्तनात डाव्यावर. केरव्यात ती कायम एकाच पायावर पडते. याने वेग वाढत नाही, पण किलोमीटर कधी सरला ते कळत नाही. यजमान अशा गोष्टीत रस घेतील आणि कदाचित विरोधही थोडा निवळेल.

नाट्यगीतांबद्दल मात्र माझा हात आखडता आहे, आणि हे मंगेशी-केरीच्या मातीत राहणाऱ्या माणसाला सांगणं जिवावर येतं. पंडित जितेंद्र अभिषेकी मंगेशीचे, केसरबाई केरकर केरीच्या. त्या भागात गाण्याबद्दल कुणाला काय शिकवायचं? तरी सांगतो. रंगलेल्या नाट्यपदात गायक ठेक्याशी खेळतो, तान घेऊन लांब जातो आणि समेवर परत येतो. जाणकार श्रोता त्या समेची वाट बघत श्वास धरून बसतो. बैठकीत हेच सुख आहे. पळताना श्वास धरून चालत नाही. शिवाय तानेच्या नादात समोरचा खड्डा दिसत नाही. म्हणून नाट्यगीतं पळून झाल्यावरच्या दहा-पंधरा मिनिटांच्या चालण्याला ठेवा. त्या वेळी अंग सैल झालेलं असतं आणि गाणं कानात नीट उतरतं. बांधीव, ठसठशीत द्रुत पदं असतात, ती हवी तर सपाटीवर लावून बघा. विलंबित काही असेल ते घरी, चहाबरोबर.

शेवटच्या दोन किलोमीटरांसाठी जोर हवा असतो, आणि तो आणायला फार लांब जायला नको. शिगम्याच्या रोमटामेळाचे, म्हणजे मिरवणुकीतले ढोल-ताशे आणि कासाळें, म्हणजे झांजा, ऐका. त्या लयीवर माणसं भर उन्हात अख्खं शहर पायी पार करतात. चवथीतली घुमट आरतीही तशीच. शेवटी घुमट, शामेळ आणि कासाळें ही वाद्यं एकत्र चढतात तेव्हा बसलेला माणूसही गुडघ्यावर ठेका धरतो. मांडो हा कोकणी गाण्याचा प्रकार पळण्याच्या कामाचा नाही, फार संथ आणि हळवा. पण मांडोनंतर म्हटलं जाणारं दुलपद उड्या मारत जातं, ते घ्या. आणि मुलाशी समेट करायचा असेल तर त्याला गोवा ट्रान्स मागा. हणजुण्याच्या किनाऱ्यावर वाढलेलं हे संगीत मिनिटाला साधारण १४० ठोक्यांच्या आसपास असतं. तुमच्या पावलांशी जमणार नाही, पण त्यात शब्द नसतात आणि एकच लय बराच वेळ टिकते. चढावर काहींना ते मानवतं. मला नाही.

ऋतू बघून लय निवडा, हे आपल्याकडे फार महत्त्वाचं आहे. ऑक्टोबरात पाऊस गेलेला असतो, हवेत ओल तशीच असते. घाम येतो पण सुकत नाही, अंग थंड होत नाही आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके जास्त पडतात. डिसेंबरच्या पहाटे जमलेली यादी मे महिन्यात लावली तर तीच धाप पुन्हा लागेल. तेव्हा दुगुण येऊ द्यायची, पण पाय ठायीतच ठेवायचे.

आता यजमानांचा मुद्दा. ते बरोबर आहेत, आणि हे मी त्यांना खूश करायला म्हणत नाही. आपले अंतर्गत रस्ते अरुंद आणि वळणांचे, बाजूला पदपथ नाही, सकाळच्या बसला वेळ गाठायची घाई, भाड्याच्या गाड्या घेऊन आलेल्या पाहुण्यांना वळण नवं, आणि दर वाडीवर कुत्रे. यातलं बहुतेक आधी ऐकू येतं, मग दिसतं. कुत्रा भुंकण्याआधी गुरगुरतो. कान बुजलेले असतील तर तुम्हाला तो पोटरीजवळ आल्यावरच कळेल. इथिओपियाच्या हैले गेब्रसेलासीने १९९८ मध्ये बर्मिंगहॅमला दोन हजार मीटरचा इनडोअर विश्वविक्रम केला तेव्हा त्याच्या आवडीचं गाणं स्टेडियमच्या लाउडस्पीकरवर लावलं होतं, हे उदाहरण मुलं तुम्हाला हमखास सांगतील. तिथे बस मागून येत नव्हती.

तेव्हा रस्त्यावर पळताना उजव्या कडेने पळा, म्हणजे समोरून येणारी वाहनं दिसतील. ती तुमच्या डाव्या हाताने जातील, म्हणून डावा कान पूर्ण मोकळा ठेवा आणि इअरफोन फक्त उजव्या कानात घाला. अशा वेळी फोनच्या सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ चालू करा, नाहीतर कधी पेटी गायब, कधी तबला. कानाबाहेर, गालाच्या हाडावर बसणारे बोन कंडक्शनचे हेडफोन मिळतात. दोन्ही कान उघडे राहतात, खर्च थोडा जास्त. बाहेरचा आवाज बंद करणारी नॉइज कॅन्सलिंगची सोय रस्त्यावर नकोच. वळणाच्या आणि वाडीच्या भागात गाणं थांबवलेलं सर्वात बरं. दोन्ही कानांनी मनसोक्त ऐकत पळायचं असेल तर रविवारी मैदानावर जा, किंवा मिरामारहून दोना पावलाच्या बाजूच्या पदपथावर, किंवा सुकतीच्या वेळी कोलवा-बाणावलीच्या घट्ट ओल्या वाळूवर. तिथे समुद्र मात्र गाण्याला दाद देत नाही. आवाज वाढवायचा मोह होतो.

तो मोह आवरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकला तर चालतो. ९० ला गेलात की तीच मुभा चार तासांवर येते. आपल्या दमट हवेत आणखी एक त्रास आहे, कानातल्या बुरशीचा. घामाने ओला कान, त्यात इअरफोनचं बूच, त्यावर पावसाळा. खाज आणि दडे बसणं सुरू झालं तर तेल घालू नका, डॉक्टरांना दाखवा. पळून आल्यावर इअरफोनची रबरं पुसून कोरडी करा आणि तो मुलाशी वाटून घेऊ नका.

डिसेंबरच्या शर्यतीचे नियम नोंदणी करतानाच वाचा. अमेरिकेच्या अ‍ॅथलेटिक्स संघटनेने २००७ मध्ये शर्यतींत इअरफोनवर सरसकट बंदी घातली होती. नंतर ती बक्षिसासाठी पळणाऱ्यांपुरती ठेवली. आपल्याकडे आयोजकांवर असतं. परवानगी असली तरी पहिले सहा किलोमीटर कानात काही घालू नका, असं मी सांगेन. सुरुवातीला गर्दी असते, ढोलवाले असतात, स्वयंसेवक काहीतरी सांगत असतात, आणि आजूबाजूच्यांच्या नादाने वेग आपसूक वाढतो. तुम्हाला दहा टक्क्यांची ती सूट सातव्या किलोमीटरला हवी आहे. तिथे अभंग सुरू करा, आणि आठव्यानंतर रोमटामेळ. यादी आदल्या रात्रीच फोनमध्ये उतरवून ठेवा, नेटवर्कच्या भरवशावर राहू नका. आणि त्याआधी, आठवड्यातला एक दिवस तरी काहीही न लावता पळत जा, म्हणजे शर्यतीत बॅटरी संपली तर पाय थांबणार नाहीत.

पाय मोजून झाले की आकडा कळवा. सपाटीवरचा आणि कवळ्याच्या वाटेवरचा वेगवेगळा मोजा. चढाला पावलं आखूड होतात आणि तिथे कोणती लय चालेल ते त्या दुसऱ्या आकड्यावर ठरवू.